दार उघडलं नाही तर?

शहराचे नियम, शहराची माणसं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेतलं नियमपुस्तक चाळलं. झोपायच्या खोलीला किमान ७० चौरस फूट जागा हवी, एकाहून जास्त माणसं झोपत असतील तर माणशी ५० चौरस फूट हवी, चारांहून जास्त पायऱ्यांच्या जिन्याला धरायला कठडा हवा, असे नियम त्यात आहेत. ‘इंटरनॅशनल प्रॉपर्टी मेंटेनन्स कोड’ नावाचा हा ग्रंथ तिथली अनेक शहरं जशीच्या तशी किंवा थोडे फेरफार करून स्वीकारतात. हे पुस्तक घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस मात्र मागच्या लेखात राहून गेला. आजचा लेखांक त्याच्यावर आहे.

त्याला तिकडे कोड एन्फोर्समेंट ऑफिसर म्हणतात. सोयीसाठी आपण कोड अधिकारी म्हणू. गुडघाभर वाढलेलं गवत, अंगणात वर्षानुवर्षं गंजत पडलेली गाडी, परवानगी न घेता वाढवलेली खोली, खिडकी नसलेल्या तळघरात ठेवलेला भाडेकरू, हिवाळ्यात हीटर बंद पडलेलं भाड्याचं घर, मालक सोडून गेलेली इमारत, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. तो पोलीस नसतो. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं कलम ८२९.५ कोड अधिकाऱ्याची व्याख्या करतानाच हे सांगतं: पोलिसांच्या वर्गात न मोडणारा, पण आरोग्य आणि सुरक्षिततेचे नियम राबवण्याचा, नोटीस बजावण्याचा, तक्रार दाखल करण्याचा अधिकार असलेला सरकारी नोकर. म्हणजे त्याचा संबंध थेट माणसाच्या घराशी येतो, पण पोलिसाचा दरारा आणि पोलिसाचं संरक्षण दोन्ही त्याच्याकडे नसतं. त्याला द्यायचं प्रशिक्षण हे मोजपट्टी धरायला शिकवण्यापलीकडे का गेलं, याची मुळं या विचित्र जागेत आहेत. ती समजून घ्यायला एक खटला पाहावा लागतो.

६ नोव्हेंबर १९६३. सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य खात्याचा एक गृहनिरीक्षक वार्षिक तपासणीसाठी एका इमारतीत गेला. तळमजल्याचा भाडेकरू मागच्या भागात राहतो, असं इमारतीच्या व्यवस्थापकाने त्याला सांगितलं. तळमजल्यावर राहायला परवानगी नव्हती. निरीक्षकाने आत जाऊन पाहायचं म्हटलं. रोलँड कॅमारा नावाच्या त्या भाडेकरूने वॉरंट विचारलं. ते नव्हतं, म्हणून त्याने नकार दिला. निरीक्षक दोन दिवसांनी परत आला, पुन्हा वॉरंटशिवाय. पुन्हा नकार. मग समन्स, आणि २२ नोव्हेंबरला दोन निरीक्षक मिळून आले. तरीही नकार. २ डिसेंबरला कॅमाराला अटक झाली. गुन्हा एवढाच, की त्याने दार उघडलं नाही.

त्याच्या चारच वर्षं आधी, १९५९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निरीक्षकाची बाजू घेतली होती. बाल्टिमोरमध्ये उंदरांची तक्रार आली होती. घराच्या मागे निरीक्षकाला उंदरांच्या लेंड्या, पेंढा आणि कचरा मिळून सुमारे अर्धा टन ढीग दिसला. घरमालकाने आत येऊ दिलं नाही म्हणून त्याला २० डॉलर दंड झाला, आणि न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार अशा मतांनी कायम केला. सार्वजनिक आरोग्य मोठं, दाराची कडी लहान, असा तो विचार होता. कॅमाराच्या खटल्यात, ५ जून १९६७ रोजी, न्यायालयाने तो विचार सहा विरुद्ध तीन मतांनी बाजूला सारला. राहणारा राजी नसेल तर निरीक्षकाला वॉरंट लागेल.

न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिलेल्या या निकालातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. दारात निरीक्षक उभा असतो तेव्हा आतल्या माणसाला काहीच ठाऊक नसतं: नियमासाठी त्याचंच घर तपासणं गरजेचं आहे का, निरीक्षकाचा अधिकार कुठवर जातो, आणि तो खरोखर खात्याने धाडलेला आहे का. ही माहिती एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. वॉरंट ही तफावत भरून काढतं. पण न्यायालयाने दार कायमचं बंदही केलं नाही. या वॉरंटसाठी गुन्ह्याचा संशय लागत नाही. मागची तपासणी होऊन किती काळ लोटला, इमारत कोणत्या प्रकारची आहे, त्या भागातल्या घरांची अवस्था काय, एवढ्या रास्त आधारावर ते मिळू शकतं. साथ किंवा सडलेलं अन्न अशा तातडीच्या प्रसंगी तेही लागत नाही. आणि एरवी आधी विचारायचं, नकार आला तरच न्यायाधीशाकडे जायचं, हा क्रमही निकालातच सुचवलेला आहे.

कॅलिफोर्नियाने १९६८ मध्येच यासाठी स्वतंत्र कायदा केला. तपासणीचं वॉरंट जास्तीत जास्त १४ दिवस चालतं. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या वेळात न्यायाधीशाच्या खास परवानगीशिवाय जाता येत नाही. राहणाऱ्याला २४ तास आधी कळवायचं, आणि न्यायाधीशाने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज बळ वापरून शिरायचं नाही. आज तिथल्या कोड अधिकाऱ्याच्या शिक्षणात हे सगळं येतं. रस्त्यावरून जे सहज दिसतं ते टिपता येतं, शेजाऱ्याने बोलावलं तर त्याच्या अंगणातून पाहता येतं, पण कुंपण ओलांडता येत नाही. संमती कोण देऊ शकतं, भाडेकरू की मालक? घरात एकटं मूल असेल तर काय करायचं? या प्रश्नांची उत्तरं चुकली की खरं उल्लंघनही न्यायालयात टिकत नाही.

हे शिक्षण देणारी एकच राष्ट्रीय व्यवस्था अमेरिकेत नाही. प्रत्येक राज्याची रीत वेगळी. न्यूयॉर्क राज्यात मूलभूत प्रशिक्षण सुमारे १२० तासांचं, आणि त्यानंतर प्रमाणपत्र टिकवायला दर वर्षी २४ तास. तिथल्या पुष्कळ लहान गावांत कोड अधिकारी अर्धवेळ काम करतो, त्यालाही यातून सूट नाही. टेक्सासने दुसरी वाट धरली. तिथे राज्याकडे नोंदणी नसताना स्वतःला ‘कोड एन्फोर्समेंट ऑफिसर’ म्हणवून घेता येत नाही. नोंदणीसाठी एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, ठरावीक प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. अनुभव नसलेल्याला ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून नोंदवून घेतात. कॅलिफोर्नियात व्यावसायिक संघटना पायरीपायरीने अभ्यासक्रम चालवते, आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने त्या प्रमाणपत्राला कायद्याचा आधार दिला. याशिवाय देशभर चालतात त्या इंटरनॅशनल कोड कौन्सिलच्या परीक्षा. १९९४ मध्ये तीन जुन्या प्रादेशिक संघटना एकत्र येऊन ही संस्था उभी राहिली. तिचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं.

घरांच्या तपासणीची ही परीक्षा पुस्तक उघडं ठेवून देतात. यात सोपेपणा शोधू नये. पाठांतराला तिथे किंमत नाही. प्रसंग वाचून नेमकं कलम सापडलं पाहिजे, आणि त्याखालचा अपवाद नजरेतून सुटता कामा नये. प्रत्यक्ष कामातही तेच करायचं असतं. अधिकाऱ्याने सांगितलेला नियम पुस्तकात कुठे आहे, हे विचारायचा हक्क समोरच्याला असतो, आणि ‘असं चालत नाही’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

मग येते नोटीस, आणि माझ्या मते या पेशाची खरी कसोटी इथे आहे. सुरुवातीला उल्लेख केलेल्या नमुना कोडप्रमाणे नोटीस लेखी हवी. जागेचं वर्णन हवं. काय चुकलं आणि ती नोटीस का दिली, हे हवं. काय दुरुस्त करायचं आणि त्याला रास्त मुदत किती, हे हवं. अपील करता येतं, हेही त्याच कागदावर सांगावं लागतं, आणि नमुना कोडमध्ये त्यासाठी २० दिवस दिलेले आहेत. अशी नोटीस मिळालेला माणूस संतापला तरी गोंधळत नाही. त्याला पुढचं पाऊल दिसतं. चांगले प्रशिक्षक म्हणूनच छायाचित्र कसं काढायचं, तारीख-वेळ कशी नोंदवायची, ‘घाणेरडं घर’ असं न लिहिता डोळ्यांना जे दिसलं तेच कसं लिहायचं, यावर बराच वेळ घालवतात. घर छतापर्यंत वस्तूंनी भरून ठेवणारी माणसं अनेकदा आजारी असतात. तिथे दंडाच्या आधी समाजसेवकाला फोन करायचा असतो. आणि शेजाऱ्याची तक्रार हा पुरावा नसतो, ते केवळ जाऊन पाहण्याचं कारण असतं. जुन्या भांडणाचा सूड उगवायला महापालिका वापरणारे लोक तिकडेही आहेत.

आता दुसरी बाजू. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरच, खाडीपलीकडे ओकलंड शहर आहे. तिथल्या ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामात कलावंत मंडळी राहत होती. राहण्याची परवानगी नव्हती, आग विझवणारे फवारे नव्हते. आवारातला कचरा आणि आतलं बेकायदा बांधकाम यांबद्दल नोव्हेंबर २०१६ मध्ये तक्रारी आल्या. १७ नोव्हेंबरला शहराचा निरीक्षक गेला. बाहेरचा कचरा त्याने पाहिला, पण आत जाता आलं नाही. २ डिसेंबरच्या रात्री तिथे संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसं गेली. पुढे २०२० मध्ये शहराने पीडितांना ३ कोटी २७ लाख डॉलर देऊन दावे मिटवले.

त्या एका निरीक्षकाला दोषी धरणं मला पटत नाही. कायद्याप्रमाणे तो दार फोडू शकत नव्हता. पण दार बंद मिळाल्यावर पुढे काय, याचं उत्तर यंत्रणेकडे तयार हवं होतं: वॉरंटचा अर्ज कोणी करायचा, अग्निशमन खात्याला कोणी कळवायचं, लोक राहत असल्याचा संशय असेल तर किती दिवसांत. कॅमाराचा नकार मान्य करणारं शहर आणि ३६ माणसांना वाचवू शकणारं शहर एकच असू शकतं. त्या दोहोंच्या मध्ये तपासणीचं वॉरंट आहे. ते कसं मागायचं हे ज्याला शिकवलेलं नाही, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, घुसायचं किंवा परत फिरायचं. दोन्ही वाटा घातक आहेत.

प्रशिक्षणाने सगळं साधतं, असंही नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये मिसुरीतल्या फर्ग्युसन शहराचा अहवाल प्रसिद्ध केला. नियम राबवण्यामागे तिथे सुरक्षिततेपेक्षा तिजोरी भरण्याचा हेतू होता, आणि त्याचा मार कृष्णवर्णीय रहिवाशांवर सर्वांत जास्त पडत होता, असं त्यात नोंदवलं आहे. वाढलेल्या गवतासाठी तिथे ७७ ते १०२ डॉलर दंड घेत. दंडाच्या वसुलीवर अंदाजपत्रक उभं असेल तर उत्तम शिकलेला अधिकारीही वसुली कारकून बनतो. अधिकाऱ्याच्या सुरक्षिततेचंही तसंच. संतापलेल्या माणसासमोर एकटं उभं राहणं वर्गात पुरेसं शिकवता येत नाही. त्यासाठी सोबत, वायरलेस आणि ठरलेली कार्यपद्धती लागते. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, हे योग्यच झालं.

आपल्याकडे हा पेशा नवा नाही. मुंबईतली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ मध्ये सुरू झाली, आणि स्वच्छता निरीक्षकाची तिची पदविका घेतलेली माणसं महाराष्ट्रातल्या नगरपालिकांमध्ये पिढ्यान् पिढ्या काम करत आली आहेत. घरात शिरण्याची मर्यादाही आपल्या कायद्याला ठाऊक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याचं कलम ४८८ सांगतं की राहत्या वास्तूत शिरताना राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर किमान २४ तास आधी लेखी नोटीस हवी. कॅमाराच्या कितीतरी आधी हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं होतं. आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले: किमान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडायची संधी, कारवाईचं चित्रीकरण, आणि निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः भरपाईची जबाबदारी.

कायदा आहे, पदविका आहे. उणीव आहे ती त्यानंतरच्या तीस वर्षांच्या नोकरीत. एकदा मिळवलेली पदविका निवृत्तीपर्यंत पुरवण्यापेक्षा ठरावीक वर्षांनी परीक्षा देऊन ती टिकवावी लागली, नवा निकाल आला की सहा महिन्यांत तो प्रत्येक निरीक्षकाला शिकवला गेला, आणि नोटीस लिहिणं हा अभ्यासक्रमाचा स्वतंत्र विषय झाला, तर अर्धे वाद पालिकेच्या पायरीवरच मिटतील असं मला वाटतं. यासाठी नवा कायदा लागत नाही. महापालिकेचा ठराव पुरतो.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी पालिकेचा निरीक्षक दारात आला तर त्याला आधी पाणी द्या, मग ओळखपत्र पाहा, आणि कोणत्या कलमाखाली आलात हे विचारा. नोटीस दिली तर त्यात मुदत आणि अपिलाची सोय लिहिली आहे का, ते त्याच्यासमोरच वाचा. तुमच्या गावात असं विचारल्यावर काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात याच कागदाचा पुढचा प्रवास पाहू: अपील ऐकतं कोण, आणि ते ऐकायला बसलेल्या माणसाला कोणी काही शिकवलेलं असतं का.