सर्व्हिसिंगनंतरचा आवाज: अनुकरणवाचक शब्द आणि इंजिनाचे दोषनिदान

मराठीतील अनुकरणवाचक शब्दांचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती, १८५७) असे शेकडो शब्द नोंदवून ते कोणत्या ध्वनीचे अनुकरण करतात हे सांगितले. पुढे १९६९ मध्ये एमेनो यांनी हे शब्द भारतीय भाषाक्षेत्राचे समान लक्षण कसे ठरतात, हे दाखवून दिले. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे नादमाधुर्याचे साधन म्हणून पाहिले. परंतु या शब्दांचा एक तिसरा आणि अत्यंत व्यावहारिक उपयोग आहे. यंत्र बिघडले असता मालक आणि मिस्त्री यांच्यामध्ये पुराव्याची देवघेव याच शब्दांनी होते. प्रस्तुत लेखात या उपयोगाचा विचार भंडारा जिल्ह्यातील एका नेहमीच्या प्रसंगाच्या आधारे करावयाचा आहे.

भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा जिल्हा. आषाढात बांध्यांत पाणी साचले की चिखलणी होते आणि तिच्यामागोमाग रोवणी. पऱ्हे साधारणपणे तीन ते चार आठवड्यांचे झाले की ते रोवले जावेत, अशी शिफारस असते; वय वाढलेल्या पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. अशा वेळी ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर नुकसान केवळ भाड्याचे होत नाही, पिकाचेही होते. समजा, लाखनी किंवा मोहाडी तालुक्यातील एका शेतकऱ्याने हंगामापूर्वी आपल्या तीन सिलिंडरच्या, जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग करून घेतली. ऑइल बदलले, एअर फिल्टर धुऊन त्यात नवे तेल भरले, डिझेल फिल्टर बदलला आणि टॅपेट बांधले. त्यानंतर चिखलात उतरताच इंजिनाचा आवाज निराळा येऊ लागला आणि ते ओढीनासे झाले. आता मिस्त्रीने हेड उघडावे काय? उघडले तर हंगाम गेला, आणि दोष तेथे नसेल तर खर्चही व्यर्थ गेला.

पहिला विचार तर्काचा आहे. सर्व्हिसिंगनंतर दोष उद्भवला एवढ्यावरून तो सर्व्हिसिंगमुळेच उद्भवला, असे म्हणणे काकतालीय न्यायाचे होईल. कावळा बसण्यास आणि फळ पडण्यास एक गाठ पडू शकते. तरीही शोधाचा आरंभ तेथूनच करणे योग्य, कारण ज्या भागांना हात लागला ते मोजके असतात, बहुधा बाहेरच असतात आणि त्यांची तपासणी अर्ध्या दिवसात व जवळजवळ विनाखर्च होते. येथे असे भाग चार आहेत: ऑइल, हवेची वाट, डिझेलची वाट आणि टॅपेट. या चारांपैकी कोणत्या भागाकडे आधी वळावे, हे शेतकऱ्याचा शब्द सांगतो.

या शब्दांच्या घडणीकडे पाहू. ‘खट्’ या एकाच नादापासून मराठी ‘खटकन’ आणि ‘खटखट’ ही दोन रूपे घडविते, आणि त्यांना लागूनच ‘खडखड’ व ‘खडखडाट’ ही रूपे उभी आहेत. पहिले रूप एकदाच घडणाऱ्या आघातासाठी, दुसरे सुटे सुटे मोजता येणाऱ्या आघातांसाठी, आणि शेवटची दोन आघात एकमेकांत मिसळून गेल्यावर वापरतात. म्हणजे ध्वनीचे अनुकरण करताना भाषा क्रियेची संख्या व तिचे सातत्यही नोंदविते. मिस्त्रीस नेमकी हीच माहिती हवी असते.

याचा पडताळा गणिताने घेता येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा ते सात वेळा हालतो. आपण सामान्य बोलण्यात सेकंदाला जितकी अक्षरे उच्चारतो, त्याच्याजवळपास हा वेग आहे. म्हणून एकच टॅपेट सैल असेल तर ‘टकटकटक’ असे तोंडाने त्या आवाजाबरोबर जेमतेम म्हणत जाता येते. सहाही टॅपेट सैल बांधले गेले तर सेकंदाला चाळीस आघात होतात. ते कानाला सुटे ऐकू येत नाहीत आणि माणूस सहज ‘खडखड’ म्हणतो. क्रँकच्या बेअरिंगचा ठोका प्रत्येक फेऱ्यास पडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे तेरा वेळा. जीभ त्याला गाठू शकत नाही. शिवाय तो जड व खोल असल्याने त्यासाठी ‘ट’ न येता ‘ध’ किंवा ‘ढ’ येतो: ‘धडधड’, ‘ढकढक’. असा शब्द ऐकू आला किंवा ऑइलचा दाब कमी असल्याची खूण दिसली तर पुढची चर्चा न करता इंजिन तत्काळ बंद करावे आणि ऑइल पाहावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टॅपेट सैल असेल तर तो बोलतो. फार आवळला गेला तर तो गप्प असतो. परंतु आवळलेल्या टॅपेटमुळे इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो, शक्ती घटते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. म्हणून ‘आवाज नाही, पण ओढही नाही’ हे वाक्यसुद्धा टॅपेटकडे बोट दाखविणारे असू शकते.

दुसरा गट घर्षक वर्णांचा. हवा फटीतून निसटते तेव्हा मराठी भाषक ‘फसफस’, ‘फुसफुस’ किंवा ‘सूं सूं’ असे ‘फ’ आणि ‘स’ यांचे शब्द योजतो. हे वर्ण स्वतःही हवा अरुंद वाटेने गेल्यानेच निर्माण होतात, त्यामुळे शब्द आणि दोष यांची उत्पत्ती येथे एकच आहे. एक्झॉस्टचे गॅस्केट फुटले असेल तर हा आवाज इंजिनाच्या ठेक्यावर येतो आणि इंजिन गार असताना अधिक जाणवतो. टर्बो असलेल्या गाडीत होज पाइपचा क्लॅम्प सैल राहिला असेल तर तो ओझे पडल्यावर वाढतो.

तिसरा गट श्वासाचा. ‘इंजिनात दम नाही’, ‘ते गुदमरते’, ‘धापा टाकते’ या प्रयोगांना आपण रूपके म्हणतो. मराठीत ‘दम’ या एका शब्दात श्वास आणि बळ हे दोन्ही अर्थ आहेत. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हा योग अक्षरशः खरा आहे. एअर फिल्टरमध्ये खुणेपेक्षा अधिक तेल भरले तर हवेची वाट अडते. डिझेल पुरते, हवा पुरत नाही, आणि धूर काळा निघतो. उलट डिझेल फिल्टर बदलताना वाटेत हवा राहिली तर इंजिन ‘फुरफुरते’, ‘अडखळते’, धूर काळा न होता पांढुरका येतो किंवा येतच नाही. मिस्त्री याला ‘एअर घेतली’ असे म्हणतात आणि एअर काढल्यावर दोष जातो. तेव्हा ओढ गेली असता धुराचा रंग विचारणे हा आवाजाच्या शब्दाला मिळणारा दुसरा साक्षीदार होय.

आज शेतकरी आवाज ऐकविण्यासाठी मोबाइल इंजिनाजवळ धरतो. हा उपाय वाटतो तितका विश्वसनीय नाही. दूरध्वनीची परंपरागत मर्यादा ३०० ते ३४०० हर्ट्‌झ अशी आहे. तीन सिलिंडरचे इंजिन २००० फेऱ्यांवर चालत असता त्यात सेकंदाला पन्नास स्फोट होतात. हा मूळ स्वर त्या मर्यादेच्या बराच खाली पडतो. नव्या फोनांची मर्यादा अधिक विस्तृत असली, तरी त्यांतील योजना सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबते. म्हणजे जड ठोका पोहोचत नाही, परंतु ‘ढकढक’ हा शब्द पोहोचतो. मात्र शब्द ऐकणाऱ्याने बोलीचे भान ठेवले पाहिजे. भंडाऱ्याच्या झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. त्यामुळे प्रमाणभाषेतील ‘खणखण’ येथे ‘खनखन’ म्हणून ऐकू येईल, आणि या फरकावर काही अनुमान उभारणे चुकीचे ठरेल. आरंभीचे व्यंजन व पुनरुक्तीची रीत यांवर भिस्त ठेवावी.

शब्द दिशा देतो. निर्णय प्रयोगाने व्हावयाचा. येथे आपल्या वैयाकरणांची अन्वय-व्यतिरेकाची पद्धती स्मरणात येते. शब्दाचा कोणता अवयव कोणता अर्थ देतो हे ठरविण्यासाठी पतंजलीने ती वापरली: जे असता अर्थ असतो आणि जे गेले असता तो जातो, ते त्या अर्थाचे वाहक. मिस्त्री हेच करतो. एअर फिल्टरमधील तेल खुणेपर्यंत आणल्यावर धूर निवळला तर दोष तेथे. जुन्या पंपाच्या इंजिनात तो मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीचे नट सैल करतो. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. (नव्या कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग मुळीच करू नये, तेथील डिझेलचा दाब कातडी भेदून जाण्याइतका असतो.) मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चारही भाग एकदम बदलले तर दोष कदाचित जाईल, पण तो कोठे होता हे कळणार नाही आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा उभा राहील.

मिस्त्रीस सांगावयाच्या गोष्टी अशा: सर्व्हिसिंगमध्ये कशाकशाला हात लागला, आवाज सुटा की सलग, हलका की जड, तो गती वाढविल्याने वाढतो की ओझे पडल्याने, गार इंजिनात येतो की तापल्यावर, आणि धूर कोणत्या रंगाचा. यांपैकी आवाजासंबंधीच्या गोष्टींसाठी मराठीत शब्द तयार आहेत, आणि ते शेतकऱ्याच्या तोंडी सहज असतात. मात्र वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील अशा शब्दांचा बोलीवार संग्रह, प्रत्येक शब्दापुढे प्रत्यक्ष आढळलेला दोष नोंदवून, होणे जरूर आहे. भंडारा, लाखनी, साकोली या महामार्गावरील गावांतील गॅरेजांपासून त्याचा आरंभ करता येईल. तसा संग्रह झाल्यास कोशकाराला अर्थ मिळतील, आणि एखाद्या शेतकऱ्याचे हेड विनाकारण उघडले जाणार नाही.