स्वस्त सिगार चांगली की वाईट, हे ओळखतात कसं? आणि राख पाहून जे कळत नाही ते काय?

वाशी म्हटलं की बहुतेकांना नवी मुंबई आठवते. पण धाराशिव जिल्ह्यातही एक वाशी आहे, तालुक्याचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग याच तालुक्यातून जातो. अशा गावातल्या पानटपरीवर विडीचं बंडल, काडेपेटी आणि तंबाखू-चुना हमखास मिळतो. सिगार मात्र सहसा दिसत नाही.

मोबाईलवर चित्र वेगळं आहे. रील्समध्ये हातात जाड सिगार, मागे गाडी आणि खाली 'बॉस' असं कॅप्शन. त्यात शहरातल्या दुकानांत काहीशे रुपयांतही सिगार मिळते, हे कळलं की कुतूहल वाढतं. एवढ्या स्वस्तात मिळणारी सिगार चांगली असते का? ती पारखायची कशी? आणि पारखीत पास झालेली सिगार शरीराला कमी त्रास देते का?

एकेक प्रश्न समजून घेऊया.

सिगार, चिरूट आणि विडी यांत फरक काय?

तिन्हींमध्ये तंबाखू कागदात नाही, पानात गुंडाळलेली असते. फरक आहे तो पानाचा आणि बांधणीचा.

सिगारमध्ये आतून बाहेरून तंबाखूच असते. तिचे तीन थर असतात. आतला भरणा म्हणजे फिलर, तो बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर आणि सगळ्यात बाहेरचं दिसायला गुळगुळीत पान म्हणजे रॅपर. सिगारचं एक टोक बंद असतं, ते ओढण्यापूर्वी कापावं लागतं.

चिरूट ही सिगारचीच साधी बहीण. तिची दोन्ही टोकं उघडी असतात, त्यामुळे कापायची गरज नाही. हा शब्द मूळचा तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्यावरूनच इंग्रजीतला 'चेरूट' आणि आपला 'चिरूट' आला. तमिळनाडूतलं तिरुचिरापल्ली ब्रिटिश काळात या चिरुटांसाठी जगभर ओळखलं जायचं.

विडीत तंबाखू आत असते, पण बाहेरचं पान तेंदूचं, म्हणजे आपल्याकडच्या टेंभुर्णीचं. हा तेंदूपत्ता गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलांतून गोळा होतो. विडीची तंबाखू म्हटलं की सीमाभागातल्या निपाणीचं नाव येतं. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, ते याच निपाणीत.

स्वस्त सिगार स्वस्त का असते?

महागड्या सिगारमध्ये आतला भरणा अख्ख्या, लांब पानांचा असतो आणि ती हाताने वळलेली असते. पानं वाळवून, आंबवून, बराच काळ मुरवलेली असतात. या सगळ्याला वेळ आणि कुशल हात लागतात.

स्वस्त सिगारमध्ये बहुतेक वेळा पानांचे तुकडे किंवा चुरा भरलेला असतो. वळण्याचं काम यंत्र करतं. अनेकदा बाइंडर किंवा रॅपरही अख्खं पान नसतं. तंबाखूच्या भुकटीचा लगदा करून त्याचा कागदासारखा पत्रा लाटतात आणि तोच गुंडाळतात. काही सिगारना व्हॅनिला, चेरी असे वास लावलेले असतात. तंबाखूचा हलका दर्जा त्याखाली सहज झाकला जातो.

मग पारख कशी करतात?

सिगार ओढणारे आणि विकणारे साधारण या पाच गोष्टी बघतात:

• बोटांनी दाबून: सगळीकडे सारखी, किंचित लवचीक लागली पाहिजे. एखादा भाग दगडासारखा कडक असेल तर धूर अडतो. पोकळ असेल तर तिथे ती भराभर जळते. दाबताच कुरकुरली तर ती सुकलेली आहे. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उघड्या फळीवर ठेवलेली सिगार तडकणारच. विडीचं उलटं असतं, ती पावसाळ्यात सादळते.

• वास घेऊन: न पेटवता नाकाला अमोनियासारखा झणका आला, तर तंबाखू नीट आंबवलेली नाही, असं समजतात.

• झुरका घेऊन: धूर फार जोर न लावता आला पाहिजे. चुऱ्याची सिगार असेल तर तंबाखूचे कण तोंडात येतात. भराभर झुरके घेतले तर कुठलीही सिगार तापते आणि कडू लागते. म्हणून मिनिटाला साधारण एक झुरका, असा संकेत आहे.

• जळण्याची रेषा पाहून: ती गोलाकार आणि सारखी सरकली पाहिजे. एकच बाजू पुढे जळत गेली, तर भरणा असमान आहे किंवा पेटवताना घाई झाली आहे.

• राख पाहून: लांब पानांच्या सिगारची राख बराच वेळ टिकून राहते. चुऱ्याच्या सिगारची लवकर गळते. राखेचा रंग पानातल्या आणि जमिनीतल्या खनिजांवर अवलंबून असतो. त्यामुळे पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार, हे समीकरण काही खरं नाही.

राखेवरून आठवण होते शेरलॉक होम्सची. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ सालच्या पहिल्याच होम्स कादंबरीत हा गुप्तहेर जमिनीवरची राख पाहून सांगतो, की खुनी तिरुचिरापल्लीची सिगार ओढत होता.

आणखी एक खूण पाकिटावर असते. भारतात विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के भागात सचित्र इशारा असणं एप्रिल २०१६ पासून बंधनकारक आहे. 'क्युबाची अस्सल' म्हणून कुणी स्वस्तात सिगार देत असेल आणि पाकिटावर हा इशाराच नसेल, तर माल चोरट्या मार्गाने आलेला किंवा बनावट असण्याची शक्यता मोठी.

पारखून काय कळत नाही?

वरच्या पाचही कसोट्या एकच गोष्ट सांगतात: सिगार किती निगुतीने बनवली आहे. ती शरीराचं काय करेल, याचं उत्तर त्यात कुठेच नाही. इथेच दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत.

पहिला गैरसमज: "सिगारचा धूर आत घेत नाहीत, मग फुफ्फुसाला काय होणार?"

सिगारेटच्या धुरातलं निकोटिन मिळवण्यासाठी तो छातीत ओढावा लागतो. सिगारचा धूर मात्र अल्कधर्मी असतो. त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणजे धूर न गिळताही व्यसन लागू शकतं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुफ्फुस या चारही ठिकाणच्या कॅन्सरशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे.

दुसरा गैरसमज: "कागद नाही, नुसतं पान आहे, म्हणजे नैसर्गिक."

हे वाक्य सिगारबद्दल शहरात आणि विडीबद्दल गावात ऐकू येतं. पण जळणारं पान कुठलंही असलं तरी त्यातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड निघतंच. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते. तरीही तेंदूचं पान हवा सहज आत जाऊ देत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. त्यामुळे विडीतून शरीरात जाणारा विषारी भाग सिगारेटपेक्षा कमी नाही, अनेकदा जास्तच भरतो.

आणि भारतात धूम्रपानाचा मुख्य चेहरा सिगार किंवा सिगारेट नाही, विडीच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के होते.

स्वस्ताईची किंमत कोण मोजतं?

सिगारची पारख गिऱ्हाईक करतं. विडीची पारख त्याआधीच होते, तीही वळणाऱ्या बाईसमोर. सोलापुरात हजारो महिला घरी पान आणि तंबाखू आणून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. तपासणीत सैल, आखूड किंवा फाटक्या ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांचा फटका मजुरीला बसतो. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, ती वेगळीच.

कायद्याने मात्र दोन्हींना एकत्र बांधलं होतं. १९६६ साली देशात या कामगारांसाठी कायदा झाला, त्याचं नावच 'विडी आणि सिगार कामगार कायदा'. करात मात्र दोन्ही वेगळ्या झाल्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्के करायचं ठरवलं, तर सिगार आणि सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला. विडी स्वस्त राहिली तर कामगारांचा रोजगार टिकतो, असं एक बाजू म्हणते. स्वस्त विडीचा सगळ्यात मोठा फटका गरीब माणसाच्या फुफ्फुसालाच बसतो, असं दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजूंना माणूस बहुधा एकाच थरातला आहे.

कायदा काय सांगतो?

• २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. सिगारलाही ती लागू आहे.

• १८ वर्षांखालच्यांना आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही.

• सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे.

थोडक्यात, राख किती वेळ टिकली यावरून भरणा लांब पानाचा होता की चुऱ्याचा, एवढंच सांगता येतं. सिगार महाग असो की स्वस्त, चिरूट असो की विडी, धूर कमी धोक्याचा आहे की नाही हे ओळखायची कुठलीच युक्ती नाही.

सोडायची इच्छा असेल, तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. हा फोन मोफत आहे.