बियाण्याचा वाटा

सुगी संपली की शेतकरी आलेल्या धान्याची वाटणी करतो. काही घरी खाण्यासाठी, काही बाजारासाठी, आणि निवडक टपोरे दाणे पुढील पेरणीसाठी राख लावून वेगळे ठेवतो. वर्ष वाईट गेले की त्याची दृष्टी या बियाण्याकडे वळते. ते खाल्ले तर आजची भूक भागते, परंतु पुढील पावसाळ्यात शेत ओसाड राहते.

राष्ट्राचेही असेच आहे. देशात वर्षभर जे उत्पन्न होते, त्यातील बहुतेक आपण त्याच वर्षी वापरून टाकतो. उरलेल्या भागातून धरणे, रस्ते, घरे, यंत्रे उभी राहतात. या भागाला गुंतवणूक म्हणतात.

१९५०-५१ साली भारतात गुंतवणुकीचे प्रमाण एकूण उत्पन्नाच्या शेकडा दहाच्या आसपास होते. ज्याच्या ताटात मुळातच अर्धी भाकर, त्याला त्यातून चतकोर उद्यासाठी काढून ठेव, असे कोणत्या तोंडाने सांगावे? सेंट लुसिया या लहानशा बेटावर जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली हाच प्रश्न मांडला. शंभरातील चारपाच रुपये मागे टाकणारा समाज बारा-पंधरा रुपये कसा मागे टाकू लागतो, हे समजले की विकासाचे मर्म समजले, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या देशाने १९५१ साली पहिली पंचवार्षिक योजना हाती घेतली. दुसऱ्या योजनेत भिलाई, राउरकेला व दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहिले. त्यांना अनुक्रमे रशिया, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन यांचे साहाय्य होते. सारे भांडवल घरच्या शिलकेतून आले नाही.

कोयनेचे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातलेच. सह्याद्रीच्या पूर्वेस वाहणारे पाणी अडवावयाचे, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे न्यावयाचे आणि पोफळी येथे भूगर्भातील वीजगृहात खाली सोडावयाचे, अशी ही योजना. कित्येक वर्षे नुसता खर्चच चालू होता. एक दिवाही लागला नव्हता. १९६२ साली वीज निर्माण होऊ लागली. धरणासाठी खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. तेथील लोकांनी घरेदारे सोडली. त्यांचा हा वाटा हिशेबाच्या वहीत पुरता उतरत नाही.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँकांच्या शाखा खेडोपाडी गेल्या आणि पेटीतील पैसा कामास लागला. १९८० च्या सुमारास गुंतवणुकीचे प्रमाण पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झाले होते. तरीही या तीस वर्षांत उत्पन्नाची वाढ वर्षाला सरासरी शेकडा साडेतीनच राहिली. बी पुष्कळ पेरले, पण कोठे यंत्रे विजेअभावी थांबली, कोठे कामे वर्षानुवर्षे रेंगाळली, तर १९६५ आणि १९६६ साली पावसाने दगा दिला.

पुढे प्रमाण चढतच गेले. २००७-०८ साली ते शेकडा अडतीसच्या आसपास पोहोचले. नंतर ते उतरून तिसाच्या जवळ आले. भरभराटीच्या दिवसांत हाती घेतलेली अनेक वीजकेंद्रे आणि रस्ते अर्धवट राहिले, त्यांसाठी दिलेली कर्जे परत येईनात, आणि बँकांनी नव्या कामांना पैसा देताना हात आखडता घेतला.