केबल "वाजते" म्हणजे बरोबर आहे असं नाही

प्रयोग लावायची वेळ आली की कोणीतरी सांगतंच, "केबल ना? लॅमिंग्टन रोडला जा, सामान घे, तासाभरात होईल." मीही तेच केलं. ग्रँट रोडला उतरले, शिल्डवाली चार पेअरची वायर मीटरवर घेतली, ३७ पिनचा डी-कनेक्टर आणि हूड घेतला, रात्री सोल्डरिंग केलं. मल्टीमीटरवर प्रत्येक वायर छान वाजली. आणि त्या केबलवर घेतलेला तीन आठवड्यांचा डेटा फेकून द्यावा लागला.

तुळईखाली लोडसेल होते. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या लोडसेलला १० व्होल्ट दिले की पूर्ण भाराला मिळतात २० मिलिव्होल्ट. माझं कंपन त्याच्या विसाव्या हिश्शाचं, म्हणजे १ मिलिव्होल्ट. आणि ते नेमकं ४० ते ६० हर्ट्झमध्ये. भिंतीतल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ त्यात मिसळले तर फिल्टर लावूनही सुटका नाही, कारण फिल्टर सिग्नललाही घेऊन जातो.

यावर उपाय म्हणूनच ट्विस्टेड पेअर असते. सिग्नलच्या दोन वायरींमधल्या फटीतून चुंबकीय क्षेत्र शिरतं. वायरी पिळल्या की प्रत्येक पिळात उलट दिशेचा व्होल्टेज तयार होतो आणि ते एकमेकांना खोडतात. उरलंसुरलं दोन्ही वायरींवर सारखं येतं, ते डिफरन्शियल मोडमधलं कार्ड वजा करतं. पण अट एकच: एका सिग्नलच्या दोन्ही वायरी एकाच पेअरमध्ये हव्यात.

माझी चूक इथेच झाली. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या १६ चॅनेलच्या कार्डांत डिफरन्शियल मोडला एआय ० चा जोडीदार एआय ८ असतो, १ चा ९. मी ० आणि १ शेजारी दिसले म्हणून त्यांना एका पेअरमध्ये टाकलं. प्रत्येक वायर योग्य पिनला पोचत होती, म्हणून मल्टीमीटर खूश. पण एका सिग्नलच्या दोन वायरी दोन वेगळ्या पेअरमधून चालल्या होत्या. पिळाचा फायदा शून्य, उलट शेजारच्या चॅनेलचा सिग्नल गळत होता.

तेव्हा सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी कागदावर टेबल करा: पिन, सिग्नल, त्याची परतीची वायर, पेअरचा रंग. परतीचा रकाना रिकामा राहिला तर थांबा. लोडसेलला जाणाऱ्या १० व्होल्टसाठी वेगळी पेअर. सप्लाय तरंगता असेल तर त्याचं निगेटिव्ह एका वायरने कार्डाच्या एआय ग्राउंडला जोडा, नाहीतर रीडिंग सरकत सरकत टोकाला जाऊन अडकतं. शिल्डची ड्रेन वायर फक्त कार्डाच्या बाजूला जोडा. दोन्हीकडे अर्थिंग मिळालं की शिल्डमधूनच करंट फिरायला लागतो.

लांबीही मोजा. २४ गेजच्या तांब्याच्या वायरीला मीटरला साधारण ०.०८४ ओहम. दहा मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन १.७ ओहम, आणि ३५० ओहमच्या लोडसेलला अर्धा टक्का व्होल्टेज कमी. म्हणून कॅलिब्रेशन त्याच केबलसकट करायचं.

डी-कनेक्टर सोल्डरच्या बाजूने पाहिला की आरशासारखा उलटा दिसतो. चित्रावर भरवसा ठेवू नका, प्लॅस्टिकवर बारीक छापलेले नंबर वाचा. (चष्मा असेल तर लावून.)

शेवटी लोडसेल काढून दोन सिग्नल वायरींमध्ये ३५० ओहमचा रेझिस्टर लावा, त्याचं एक टोक ग्राउंडला, आणि पंखा, एसी चालू ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. एफएफटीत ५० आणि १५० वर जे उभं राहील ते तुमच्या केबलने आणलेलं. माझ्या जुन्या केबलला ही दहा मिनिटं दिली असती तर तीन आठवडे वाचले असते.

दुकानात मागताना "शिल्डवाली" एवढंच म्हणू नका; "प्रत्येक पेअरला वेगळं फॉइल आणि ड्रेन वायर" असं सांगा, आणि लांबीपेक्षा मीटरभर जास्त घ्या. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.