रेडिओचा टॉवर एका रात्रीपुरता मिळाला तर?

आम्हा इंदूरच्या हॅम मंडळींच्या गप्पा बरेचदा एकाच स्वप्नावर येतात: मीडियम वेव्हचा बंद पडलेला टॉवर एका रात्रीपुरता मिळाला तर! हौशी रेडिओवाल्यांचा १६० मीटरचा बँड १.८ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होतो. रात्री तो दूरवर पोचतो, पण त्याच्या पाव तरंगलांबीचा उभा अँटेनाही ४१ मीटरचा, म्हणजे बारा-तेरा मजल्यांएवढा होतो. कुठली सोसायटी परवानगी देईल?

एफएमचा टॉवर म्हणजे नुसता खांब, अँटेना वर टोकाला. मीडियम वेव्हचा सहसा अख्खा लोखंडी मनोराच अँटेना असतो, म्हणून तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा करतात. प्रक्षेपण चालू असताना त्याला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग जितका उंच तितका चांगला? नाही! ६४८ किलोहर्ट्‌झ हा इंदूर आकाशवाणीचा जुना आकडा घ्या. तिथे पाव तरंगलांबी ११६ मीटर. तेवढा मनोरा आमच्या बँडवर तरंगलांबीच्या ०.७ पट भरतो. उंची ०.६२ पटीपुढे गेली की बरीच ऊर्जा क्षितिजाऐवजी आभाळाकडे जाऊ लागते; लांबच्या देशाशी बोलायला ती क्षितिजालगत हवी. त्यापेक्षा १४०० किलोहर्ट्‌झच्या केंद्राचा ५४ मीटरचा मनोरा आम्हाला जास्त कामाचा. पायथ्याच्या खोलीतली जुळणी केंद्राच्याच फ्रिक्वेन्सीची असते; ती सोडवून आपली कॉइल-कपॅसिटरची पेटी लावावी लागते. हे सगळं लेखी परवानगीने, तिथल्या इंजिनिअरसमोरच.

मला खरा हेवा वाटतो तो जमिनीतल्या तांब्याचा. मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पुरलेल्या असतात. १९३७मध्ये अमेरिकेत आरसीएच्या जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मोजमाप करून दाखवलं, की तारा कमी असल्या तर पॉवर मातीतच जिरते. तिथे १२० तारांचा पायंडा पडला. माझ्या गच्चीवरच्या वाकड्या तारेखाली आठ आहेत, त्यातल्या दोन तुळशीवृंदावनाला वळसा घालून जातात.

गेल्या काही वर्षांत देशातली बरीच मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद झाली. मनोरा भंगारात जायच्या आधी आम्हाला हिवाळ्यातली एक रात्र हवी आहे. तेव्हा विजांची खरखर कमी असते. अर्जाचा मसुदा तयार आहे. लायसन्सची परीक्षा तोवर पास झालात, तर माइकपाशी तुमचाही नंबर लावू.