गाडीच्या मागच्या सीटला स्क्रीन : पैसे टाकायचे की नाही?

यवतमाळ : कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की घरात गाडीचा विषय निघतो. शोरूममध्ये नाहीतर कार डेकोरच्या दुकानात गेलं की हल्ली एक वस्तू हमखास दाखवतात. पुढच्या सीटच्या पाठीवर, मागच्यांना दिसेल असा बसवलेला छोटा टीव्ही. "लेकरं शांत बसतात भाऊ, पूर्ण रस्ता त्रास नाही," असं दुकानदार सांगतो. लेकरं शांत बसतात, हे खरंच आहे. पण त्यासाठी गाडीत कायमचा स्क्रीन बसवायची गरज आहे का? थोडक्यात उत्तर : बहुतेक घरांना नाही. का, ते समजून घेऊ.

हा स्क्रीन मिळतो कुठे?

कंपनीकडूनच बसवून येणारे मागचे स्क्रीन आपल्याकडे मुख्यतः महागड्या गाड्यांत दिसतात. २०२० मध्ये आलेल्या किआ कार्निवलच्या सर्वात वरच्या मॉडेलमध्ये मागे १०.१ इंचाचे दोन स्क्रीन होते. बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये तर ३१.३ इंचाचा पडदाच छतातून खाली येतो. अर्टिगा, बोलेरो, इको या आपल्या तालुक्यांत दिसणाऱ्या गाड्यांत मात्र तो बाहेरून बसवावा लागतो.

आता महिंद्राने एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाडीत काय केलं बघा. मागे बसणाऱ्याने स्वतःचा टॅब आणून अडकवावा, अशी सोय दिली. स्क्रीन तुमचा, जागा गाडीची. यातच बरंच काही आलं.

गाडी टिकते, स्क्रीन जुना होतो

आपल्याकडे गाडी दहा-बारा वर्षं आरामात वापरतात. स्क्रीनचं तसं नसतं. नव्वदच्या दशकात ट्रॅव्हल्सवर मोठ्या अक्षरात 'व्हिडिओ कोच' लिहिलेलं असायचं. आधी कॅसेट गेली, मग सीडी गेली, डीव्हीडीही गेली. आजच्या अँड्रॉइड स्क्रीनचंही तेच होणार. चार-पाच वर्षांत ॲप अपडेट होणं थांबतं आणि स्क्रीन नुसता शोभेला उरतो.

रेल्वेचा अनुभवही बोलका आहे. मे २०१७ मध्ये मुंबई ते गोव्यातील करमळी अशी तेजस एक्सप्रेस सुरू झाली. प्रत्येक सीटमागे स्क्रीन होता. पहिल्याच फेरीत हेडफोन गायब झाले, काही स्क्रीनवर ओरखडे पडले. पुढे रेल्वेने हे स्क्रीन काढायचं ठरवलं. आपल्या एसटीने वेगळा मार्ग धरला होता. बसमध्ये वायफायचा डबा बसवला, त्यात सिनेमे भरले आणि प्रवाशाने ते स्वतःच्या मोबाईलवर पाहायचे. स्क्रीन प्रत्येकाच्या खिशात आधीच आहे, हे एसटीने ओळखलं होतं.

रेंज, ऊन आणि ओकारी

- रेंज : स्क्रीनला नेट तुमच्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून द्यावं लागतं. एचडी सिनेमा तासाला अडीच-तीन जीबी खातो. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक कळंब यायच्या आत संपायचा! जंगलाच्या पट्ट्यात रेंजही जाते. म्हणून घरूनच डाउनलोड करून निघालेलं बरं.
- ऊन : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. टॅब काढून घरात नेता येतो, बसवलेला स्क्रीन तिथेच भाजत राहतो.
- ओकारी : माहूरच्या घाटात डोळे स्थिर चित्र पाहतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वळणं जाणवून घेतो. मेंदूचा गोंधळ होतो, मळमळ सुरू होते. वळणाच्या रस्त्यावर स्क्रीन बंदच ठेवा आणि लेकरांना बाहेर बघू द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन देऊच नका आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं म्हणणं आहे. यवतमाळ-नागपूर प्रवासच साधारण तीन तासांचा.

आधी बेल्ट, मग टीव्ही

खरा मुद्दा हा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती. मागे बसलेले दोघेही दगावले. त्यांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

आपल्याकडे मागचा बेल्ट सीटच्या फटीत दाबून वर कव्हर चढवलेलं असतं. कायदा मात्र मागच्यांनाही लागू आहे. बेल्ट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार एक हजार रुपये दंड आहे. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तरी तेवढाच. दंडाचं सोडा, ६० च्या वेगातली गाडी थांबली तरी बेल्ट नसलेलं लेकरू त्याच ६० च्या वेगाने पुढे फेकलं जातं. आणि समोर असतो तो कडक काचेचा स्क्रीन.

म्हणून टीव्हीचे पैसे आधी चाइल्ड सीटमध्ये घाला. मागचे बेल्ट फटीतून बाहेर काढा. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.

तरीही हवाच असेल तर

पुण्यात नोकरीला असलेली आणि दर सणाला पुसद-उमरखेडला येणारी कुटुंबं आहेत. इतक्या लांबच्या प्रवासात मुलांना विरंगुळा लागतोच. त्यांनी हे पाळावं :

१. घरातला टॅब किंवा मोठा मोबाईल वापरा. सीटमागे पक्का बसणारा होल्डर काही शे रुपयांत मिळतो. टॅब हातात मोकळा देऊ नका.
२. बाहेरून स्क्रीन बसवणार असाल तर वायर कापू देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कापलेली वायर शॉर्टसर्किटला निमंत्रण असते.
३. मूळ हेडरेस्ट काढून स्क्रीनवाला बसवू नका. मागून धडक बसली तर पुढच्याची मान तोच सांभाळतो.
४. स्क्रीन ड्रायव्हरला दिसता कामा नये. आवाजही बेताचा ठेवा, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा.
५. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवा. लेकरांचे डोळे आणि ड्रायव्हरचे पाय, दोघांनाही विश्रांती मिळते.

नवी गाडी घेताना सेल्समनला "स्क्रीन किती इंचाचा?" हे नंतर विचारा. आधी विचारा : एअरबॅग किती, मागे तिघांनाही खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, आणि चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्स हुक आहेत का? स्क्रीन उद्याही बसवता येतो. ही तीन कामं नंतर कार डेकोरच्या दुकानात होत नाहीत.