मधली खुर्ची

नेहमीच्या स्पीकरचे उंच स्वर समोरच्यालाच नीट पोचतात. आमच्या घरी ती मधली खुर्ची माझी, सौ. स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची.

लिंकन वॉल्श या अमेरिकी अभियंत्याने स्पीकरचा शंकू टोक वर करून उभा केला. टोकाशी सुरू झालेली लाट शंकूवरून खाली उतरते नि आवाज चहूकडे पसरतो. १९७१ मध्ये वॉल्श गेले. स्पीकर बाजारात नंतर आला. पुढे जर्मनांनी टायटॅनियम, कार्बन फायबर वापरून तो सुधारला.

स्पर्धेत तो टिकतो का? किंमत भारी, अॅम्प्लिफायर दणकट लागतो, भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात गायकाची नेमकी जागा पुसट होते. एकट्या श्रोत्याने नेहमीचेच घ्यावेत.

परवा मित्राकडे तो ऐकला. सौ. सवयीने दारातच उभी. म्हणाली, "अहो, इथूनही सगळं ऐकू येतंय!"

बँकेत हिशेब कधी चुकला नाही. घरचा चुकला होता.